अंगणवाडीत कोरडं, घरी ओलं

अंगणवाडी सुटायच्या वेळी मुलांना न्यायला आलेल्या आयांच्या तोंडून सिंधुदुर्गात एक तक्रार हमखास ऐकू येते. "बाई, तुमच्याकडे दिसभर सुको असता, घराक इलो काय चड्डीत मुतता!" काही घरांची तक्रार नेमकी उलटी असते. घरी सांगून न्हाणीत जाणारं मूल अंगणवाडीच्या पिशवीतून रोज ओली चड्डी परत आणतं. आईला वाटतं मूल हट्टीपणा करतंय, आजीला वाटतं लाडाने बिघडलंय, आणि बाईंना वाटतं घरी कुणाचं लक्ष नाही. तिघींच्या मनात एक गोष्ट गृहीत असते: शू-शी सांगणं एकदा आलं की ते सगळीकडे यायला हवं. सायकल चालवता येणाऱ्याला ती दुसऱ्या रस्त्यावरही चालवता येते, मग हे का नाही?

कारण हे कौशल्य संपूर्णपणे मुलाच्या शरीरात नसतं. सुरुवातीची काही वर्षं त्याचा मोठा भाग मुलाभोवतीच्या माणसांमध्ये, वेळांमध्ये आणि जागेमध्ये असतो. जागा बदलली की तो भाग मागेच राहतो. हे नीट समजलं तर घर आणि अंगणवाडी यांनी एकमेकांना नेमकी कोणती मदत करायची, हेही समजतं. आंबोलीसारख्या गावात, जिथे वर्षातले चार महिने धुतलेली चड्डी वाळत नाही, तिथे ते समजणं जास्तच गरजेचं आहे.

धरणं आणि सोडणं

लघवी साठते ती मूत्राशयात, म्हणजे ओटीपोटातल्या एका स्नायूच्या पिशवीत. या पिशवीच्या तोंडाशी दोन झडपा असतात. घराला जसं एक आतलं दार आणि पुढे अंगणाचं फाटक असतं, तशीच ही रचना आहे. आतलं दार आपल्या ताब्यात नाही. पिशवी भरून ताणली गेली आणि आवळायला लागली की ते आपोआप उघडतं. फाटक मात्र आपल्या इच्छेने बंद ठेवता येतं. मोठ्या माणसाला एसटीत बसल्यावर लागली तरी तो सावंतवाडी येईपर्यंत थांबतो, ते या फाटकाच्या जोरावर.

तान्ह्या बाळाकडेही फाटक असतं, पण त्याची कडी अजून त्याच्या हाती आलेली नसते. पिशवी ताणली गेल्याचा निरोप पाठीच्या कण्यातून वर जातो, तिथून आणि मेंदूच्या अगदी खालच्या भागातून उलट निरोप येतो, पिशवी आवळते, दोन्ही झडपा सैल होतात. विचार करणाऱ्या मेंदूला यात अजून काही बोलता येत नाही. म्हणून नवजात बाळ दिवसातून वीसेक वेळा लघवी करतं आणि त्याला ते कळतही नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत अनेक गोष्टी एकाच वेळी वाढतात. पिशवी मोठी होते. डॉक्टर तिचा अंदाज एका साध्या हिशेबाने करतात: मुलाच्या वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. दोन वर्षांच्या मुलाची पिशवी सुमारे ९० मिलिलिटरची, तीन वर्षांच्या मुलाची १२० मिलिलिटरची. मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर आवरण चढत जातं आणि निरोप वेगाने पोचू लागतात. ओटीपोटात ‘काहीतरी’ होतंय ही जाणीव मुलाला होऊ लागते. पण जाणीव झाली की काम झालं, असं नाही. त्यानंतर मुलाला खेळ सोडावा लागतो, कुणाला तरी सांगावं लागतं, जागेपर्यंत फाटक बंद ठेवून जावं लागतं, चड्डी खाली ओढावी लागते आणि शेवटी तेच फाटक सैल सोडावं लागतं.

हा शेवटचा टप्पा आपण विसरतो. आपल्याला वाटतं, मुलाला फक्त धरायला शिकवायचं आहे. प्रत्यक्षात ठरलेल्या जागी निवांतपणे सोडणं हे निम्मं शिक्षण आहे, आणि ते अवघड आहे. मूल पाच मिनिटं बसतं, काही होत नाही, उठतं आणि दोन पावलांवर चड्डी ओली करतं. घरच्यांना ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. खरं तर बसलेलं असताना स्नायू ताणलेले होते, उठून खेळायला लागल्यावर ते सैल झाले. मुलाला अजून फाटक हुकमाने उघडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या सगळ्याचा क्रमही बहुतेक मुलांत ठरलेला असतो. आधी शीवर ताबा येतो, मग दिवसाच्या लघवीवर, आणि सगळ्यात शेवटी रात्रीच्या लघवीवर.

आजीच्या पायांवर

कोकणातल्या कितीतरी आज्यांनी या प्रश्नाची कधी चिंताच केली नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ उठलं की पाय पसरून बसायचं, बाळाला दोन्ही पावलांवर टेकवायचं आणि ओठांनी ‘शूऽऽ’ करायचं. थोड्या वेळाने बाळ लघवी करतं. बाळ वर्षाचं होईपर्यंत घरात ओल्या दुपट्यांचा ढीग पुष्कळ कमी झालेला असतो.

ही पद्धत खरी आहे आणि तिच्यामागे शास्त्रही आहे. बाळाची लघवी होत असताना दर वेळी एकच आवाज कानावर पडला, तर काही आठवड्यांत तो आवाजच सैल होण्याची खूण बनतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हिएतनाममधल्या ४७ मुलांचा आणि त्यांच्या आयांचा अभ्यास केला. तिथल्या आया आपल्या ‘शूऽऽ’सारखीच शीळ घालतात. नऊ महिन्यांपर्यंत त्या मुलांना लंगोटाची गरज फारशी उरली नव्हती. केनियाच्या किनाऱ्यावरच्या डिगो समाजात तर पाच-सहा महिन्यांचं बाळ रात्रंदिवस बऱ्यापैकी कोरडं राहतं, असं १९७७ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं होतं.

याच्या बरोबर उलट सल्ला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये दिला. त्यांनी ११७० मुलांच्या नोंदी तपासल्या. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबा, दीड वर्षाच्या आधी घाई करू नका, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या नोंदींतली मुलं दिवसा कोरडी राहायला लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची झाल्यावर. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला रेमो लार्गो यांनी वेगवेगळ्या पिढ्यांतली मुलं तपासली. आधीच्या पिढीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांना वर्षाच्या आत भांड्यावर बसवायला सुरुवात झाली होती, पुढच्या पिढीत ती बरीच उशिरा झाली. तरी मुलांना स्वतःचा पक्का ताबा आला तो दोन्ही पिढ्यांत साधारण त्याच वयात.

मग आजी चुकली की डॉक्टर चुकले? माझ्या मते कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. आजीच्या पद्धतीत बाळाच्या चेहऱ्यावरची खूण ओळखणारी, वेळ लक्षात ठेवणारी, बाळाला उचलून जागेवर नेणारी व्यक्ती म्हणजे आजी. बाळ करतं ते एवढंच, की खूण मिळाल्यावर सोडतं. जोवर आजी चोवीस तास हाताशी आहे तोवर हे उत्तम चालतं, आणि मुलाला सोडण्याचा सराव लवकर होतो हा त्याचा मोठा फायदा. ब्रेझल्टन आणि लार्गो मोजत होते ते कुणाच्याही मदतीशिवाय जाणारं मूल. अंगणवाडीला किंवा पाळणाघराला पाठवायचं म्हटलं की प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा होतो. आजीकडे असलेलं काम आता थोडं थोडं मुलाकडे द्यायचं असतं.

अंगणवाडीच्या उंबऱ्यावर काय बदलतं

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्या गावोगावी पोचल्या. कल्पना मात्र त्याहून जुनी आणि मराठी मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेकडे येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. त्या कामात मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हे शिक्षणाआधीचं किरकोळ काम मानलेलं नव्हतं. ते शिक्षणच होतं. अंगणवाडीत शू-शीची सवय लावणं म्हणजे बाईंवर टाकलेला जादा भार, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा वारसा लक्षात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

तरीही बाईंची अडचण खरी आहे. एक सेविका, एक मदतनीस आणि समोर वीस-पंचवीस मुलं. शिवाय गाणी, वजन-उंची, गरम आहार आणि मोबाइलवर भरायच्या नोंदी. आजीसारखं एकेका मुलाचा चेहरा वाचत बसणं तिथे होणार नाही. मग अंगणवाडी हे कसं साधते? ती वेळापत्रकाने साधते.

मुलं आली की एकदा सगळ्यांनी जायचं, आहाराआधी हात धुताना जायचं, आहारानंतर जायचं, घरी निघण्याआधी जायचं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाची पिशवी साधारण दीड-दोन तासांत भरते, त्यामुळे या चार फेऱ्यांत बहुतेक अपघात टळतात. दुसरी ताकद अनुकरणाची. आईने दहा वेळा सांगून न जाणारं मूल शेजारची मुलगी चड्डी सावरत निघालेली बघून स्वतःच उठतं. तिसरी गोष्ट कपड्यांची. घरी अनेकदा डायपर असतो, अंगणवाडीत चड्डी. डायपर अंगावर चढला की ‘आता सोडलं तरी चालतं’ हे मुलाच्या शरीराला पाठ झालेलं असतं. चड्डीत ओलं झालं की गार लागतं, पाय चिकटतात, आणि आपण काहीतरी केलं हे कळतं. डायपर हा ओलावा शोषून घेतो आणि त्याबरोबर मुलाला मिळणारी ही बातमीही.

सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे आहे. अंगणवाडीत वेळा आहेत, सोबती आहेत, चड्डी आहे. घरी पाच वाजता आई चुलीशी किंवा दुकानात, टीव्ही चालू, अंगात डायपर, आणि ‘जा शू करून ये’ असं सांगायची कुणाची पाळी हे ठरलेलं नाही. मूल तेच आहे, त्याला आधार देणारी चौकट गेली आहे. घरीही त्याच चार खुणा ठेवल्या, म्हणजे उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर आणि बाहेर पडताना, तर फरक बराच कमी होतो.

गणेश चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा याचीच दुसरी बाजू दिसते. मुंबईच्या पाळणाघरात छान सांगणारं अडीच वर्षांचं मूल गावच्या घरी दोन दिवस ओलं होत राहतं. मोरी वेगळी, अंधार वेगळा, माणसं पंचवीस, आणि नेहमीची वेळ कुणालाच आठवत नाही. त्याला ‘विसरला’ म्हणून चिडवण्यापेक्षा आल्याबरोबर जागा दाखवून तिथे एकदा सोबत बसणं पुरेसं असतं.

कोरडं मूल की अडवून धरणारं मूल?

कोड्याचं उरलेलं अर्धं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते अनेकांच्या लक्षात येत नाही. अंगणवाडीत चार तास चड्डी कोरडी राहिली, याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एक, मुलाने तिथे जाऊन व्यवस्थित लघवी केली. दोन, मुलाने लघवी केलीच नाही.

दुसऱ्या प्रकारचं मूल शहाणं दिसतं. बाई त्याचं कौतुक करतात. ते घरी येतं, ओळखीचा उंबरा दिसतो, शरीर सैल होतं आणि दारातच चड्डी भिजते. आई म्हणते, घरी आला की असं करतो. खरं तर त्याने सकाळपासून फाटक आवळून धरलेलं असतं. जागा अनोळखी, शौचालयाला दार नाही किंवा आत अंधार, पाणी गार, बाईंना सांगायची लाज, ‘शू’ला तिथे वेगळा शब्द वापरतात, मागे कधी कुणी हसलं होतं; यातलं एक कारणही पुरतं.

म्हणून बाईंना विचारायचा प्रश्न ‘चड्डी ओली केली का?’ हा नाही. ‘आज शू केली का, किती वेळा?’ हा आहे. उत्तर सलग ‘नाही’ येत असेल तर ते मूल शिकलेलं नाही, घाबरलेलं आहे. सतत अडवून धरण्याने मूत्राशयात लघवी तुंबते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि पोटही साफ होत नाही.

धाक घालण्याने हे हमखास बिघडतं, आणि त्याचं कारण थेट शरीरात आहे. भीती वाटली की शरीर सावध होतं, स्नायू आवळतात. सोडायला शिकवायचं असताना आपण नेमकं आवळायला लावतो. ‘परत केलंस तर चटका देईन’ अशी धमकी काही घरांत अजूनही दिली जाते, क्वचित ती खरीही केली जाते. तो मुलावरचा अत्याचार आहे, आणि त्याने कोणतीही सवय लागत नाही. इतर मुलांसमोर ओली चड्डी दाखवून हसणं हेही त्याच जातीचं. ओलं झालं तर चड्डी बदलायची, ‘पुढच्या वेळी जागेवर करू’ म्हणायचं आणि विषय संपवायचा. कौतुकही बेताचंच असावं. दर थेंबाला टाळ्या वाजवल्या की मूल अपयशाला घाबरायला लागतं.

शीचं वेगळं गणित

लघवीपेक्षा शीचं वेळापत्रक ओळखायला सोपं आहे. पोटात अन्न पडलं की आतड्यांना हलण्याचा निरोप जातो. त्यामुळे जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर, अर्ध्या तासाच्या आत मुलाला शी लागण्याची शक्यता सर्वाधिक. अनेक मुलं त्या वेळी कोपऱ्यात, दाराआड जाऊन गप्प उभी राहतात. हे लपणं म्हणजे मुलाला आतली हालचाल कळू लागल्याची स्पष्ट खूण आहे. तेव्हा रागावू नये, हात धरून जागेवर न्यावं.

अडचण येते ती बसण्याची. गुदाशयाभोवती एक स्नायू पट्ट्यासारखा वेढा घालून त्याला पुढे ओढून धरतो, म्हणून उभं असताना वाट वाकडी राहते. उकिडवं बसलं की तो पट्टा सैल होतो, वाट सरळ होते. भारतीय पद्धतीची बैठक या दृष्टीने फार चांगली. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, जिल्ह्यात घरोघरी शौचालयं झाली. पण ती मोठ्यांच्या मापाची आहेत. दोन पायठशांमधलं अंतर अडीच वर्षांच्या मुलाला पेलत नाही, मधलं भोक त्याला आत ओढून घेणारं वाटतं. पडायची भीती असलेलं मूल जोर लावू शकत नाही. समोर बसून त्याचे दोन्ही हात धरावेत, किंवा जमिनीवर पाय पूर्ण टेकतील असं छोटं पॉटीचं भांडं घ्यावं. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. लोंबकळत्या पायांनी शी नीट होत नाही. अंगणवाडीत लहान मापाचं भांडं बसवलेलं शौचालय असणं यासाठीच मोलाचं असतं, आणि नसेल तर ग्रामपंचायतीकडे त्याची मागणी पालकांनी मिळून करावी.

एकदा शी कडक झाली आणि दुखलं, की मूल पुढच्या वेळी आवळून धरतं. धरल्याने आतलं पाणी शोषलं जाऊन ती आणखी कडक होते, आणखी दुखते. हा फेरा आठवडे चालला की गुदाशय ताणून ढिला पडतो, लागल्याची जाणीवच मंदावते, आणि कडक खड्याच्या कडेने पातळ शी झिरपत चड्डीला लागत राहते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, प्रत्यक्षात असतो तो बद्धकोष्ठ. अशा वेळी शिकवणं थांबवावं, आधी पोट मऊ करावं. पाणी, पेज, भाज्या, केळी-पपईसारखी फळं द्यावीत, फक्त दुधावर पोट भरू देऊ नये, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्यावं.

एक समज मात्र सोडायला हवा. लहान मुलाची शी ‘काही नसते’ म्हणून खळ्याच्या कडेला किंवा गटारात टाकली जाते. तिच्यात रोगजंतू मोठ्यांइतके, काही वेळा जास्तच असतात. ती शौचालयातच टाकायची, भांडं धुवायचं, आणि मुलाचे व आपले हात साबणाने धुवायचे.

आंबोलीचा पाऊस आणि मुहूर्त

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, घाटमाथ्याला. वर्षाला इथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहराच्या साधारण दहापट. जून ते सप्टेंबर धुकं घरात शिरतं, भिंतींना ओल येते, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात. पूर्वी निखाऱ्यांच्या शेगडीवर पालथी टोपली ठेवून तिच्यावर लंगोट वाळवत. आता डायपर वापरतात, आणि त्यासाठी कुणालाही दोष देता येणार नाही.

गारठ्याचा परिणाम मुलाच्या लघवीवरही होतो. घाम येत नाही, म्हणून जास्तीचं पाणी लघवीवाटेच जातं. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे वळतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. त्यात शौचालय घराबाहेर असेल तर छत्री धरून, चिखलातून, अंधारात जायचं. नुकतं शिकणाऱ्या मुलासाठी यापेक्षा अवघड हंगाम नाही.

म्हणून माझा आग्रह असा: इथे सुरुवातीचा मुहूर्त पाऊस सरल्यावरचा धरावा. दसरा-दिवाळीपासून पुढे मे अखेरपर्यंत सात महिने मिळतात. कपडे वाळतात, मूल अंगणात नुसत्या चड्डीत वावरू शकतं, आणि जूनमध्ये अंगणवाडीत जायच्या वेळी सवय मुरलेली असते. पावसाळ्यात सुरुवात करावीच लागली तर घरात पॉटीचं भांडं ठेवावं, दिवसा चड्डी आणि रात्री डायपर असा स्पष्ट भेद ठेवावा. दर तासाला डायपर काढून घालून मुलाचा गोंधळ करू नये. पावसाळ्यात काही दिवस सगळं मागे गेलं तरी ते विसरलेलं नसतं.

वयाचा आकडा दुय्यम आहे. मूल दोनेक तास कोरडं राहतं का, बसून उठतं का, चड्डी खाली ओढता येते का, ‘चेंडू आण आणि मला दे’ अशी दुहेरी सूचना कळते का, झाल्यावर तरी सांगतं का, हे बघावं. बहुतेक मुलांत हे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान जुळून येतं. घरात नवं बाळ आलं असेल, मूल आजारातून उठलं असेल किंवा घर बदललं असेल, तर महिनाभर थांबावं.

अंगणवाडीतलं शिक्षण तीन वर्षांनंतर सुरू होतं, पण बाईंशी ओळख त्याआधीच असते. लहान मुलाचं दर महिन्याचं वजन आणि घरपोच आहार यांसाठी आई तिथे जातेच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी भेट देऊन पालकांना मार्गदर्शन करणं हाही सेविकेच्या कामाचा भाग आहे. त्या भेटीत हा विषय काढायला संकोच नको. सहा महिन्यांपासूनची मुलं दिवसभर सांभाळणाऱ्या ‘पाळणा’ योजनेतल्या अंगणवाडी-पाळणाघरांत किंवा शहरातल्या खासगी पाळणाघरांत तर हे बोलणं पहिल्याच दिवशी व्हावं.

> बाईंना पहिल्या दिवशी सांगा
>
> आमच्याकडे ‘शू’ आणि ‘शी’ला हे शब्द वापरतो. (मालवणी शब्द असेल तर तोच सांगा, मूल तोच बोलणार आहे.)
>
> लागली की तो असा करतो: पाय आवळतो, गप्प होतो, कोपऱ्यात जातो.
>
> शी साधारण या वेळेला होते. शेवटची शू घरून निघताना केली आहे.
>
> पिशवीत दोन-तीन चड्ड्या आणि ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी आहे. नाडीची किंवा घट्ट बटणाची पँट घातलेली नाही.
>
> दुपारी मला एवढंच सांगा: आज किती वेळा गेला?

रात्र वेगळी

रात्रीचा कोरडेपणा शिकवून येत नाही. झोपेत मेंदूतून एक संप्रेरक स्रवतं, ते मूत्रपिंडांना लघवी कमी करायला सांगतं. हे रात्रीचं प्रमाण वाढायला आणि पिशवी भरल्यावर जाग यायला प्रत्येक मुलाला आपला वेळ लागतो. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी पंधराएक मुलं अंथरूण ओलं करतात, आणि पुढे दरवर्षी त्यातली काही आपोआप थांबतात. आई किंवा वडील लहानपणी उशिरापर्यंत अंथरूण ओलं करत असतील तर मुलाचंही तसं होण्याचा संभव जास्त. गोधडीखाली मेणकापड घालावं, झोपण्याआधी एकदा नेऊन आणावं. दिवसा ठरल्या वेळी जाणारं मूल रात्री ओलं झालं, म्हणून दिवसाचं शिक्षण फसलं असं समजू नये.

डॉक्टरांना दाखवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. लघवी करताना जळजळ, रडणं, विनाकारण ताप किंवा लघवीला उग्र वास. धार कायम बारीक, थेंब थेंब. शीत रक्त, किंवा आठवड्याला दोनदाच कडक शी. सहा महिने कोरडं राहून अचानक परत ओलं होणं, विशेषतः त्याबरोबर तहान वाढून वजन घटत असेल तर त्याच दिवशी. चार वर्षं पूर्ण होऊनही दिवसा ताबा नसणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करतं. त्या दिवशी आईने हजर राहून हे विचारावं. आणि शक्य झालं तर घरी व अंगणवाडीत मूल किती वेळा गेलं, याची आठवडाभराची साधी नोंद कागदावर सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.